अमूर्त भूमिती आणि वास्तुरेखाटन: एका अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

डिसेंबर १९१५मध्ये पेत्रोग्राडच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) प्रदर्शनात चित्रकार मालेविचने काळ्या चौरसाचं चित्र टांगलं. त्याच्या चित्रांतले सपाट आकार पांढऱ्यावर तरंगत, कशालाच टेकत नसत. १९१९पासून कलाकार एल लिसिट्झ्कीने अशा आकारांना अ‍ॅक्सोनोमेट्रिक खोली दिली, म्हणजे समांतर कडा समांतरच ठेवून घनाच्या तिन्ही बाजू एकत्र दाखवल्या. आपल्या ‘प्रोऊन’ रचना म्हणजे चित्रकलेतून वास्तुकलेकडे जाताना गाडी बदलायचं स्थानक, असं तो म्हणे.

मॉस्कोत १९२०मध्ये वखुतेमास ही कला आणि वास्तुकलेची सरकारी शिक्षणसंस्था सुरू झाली. तिथल्या ‘अवकाश’ या विषयात निकोलाय लादोव्स्की विद्यार्थ्याला आधी घर नव्हे, साधा ठोकळा देई. पाहणाऱ्याला त्याचा आकार, वजन आणि लय नेमकी जाणवावी, एवढंच काम. आणि तेही मॉडेल करून.

लेनिनग्राडमध्ये (पूर्वीचं पेत्रोग्राड) वास्तुकार याकोव चेर्निखोवने मात्र कागदालाच प्रयोगशाळा मानलं. रेषा, मग प्रतलं, पृष्ठभाग, शेवटी घन, अशी त्याच्या सरावाची चढण. १९३३च्या त्याच्या संग्रहातल्या १०१ रंगीत कल्पनारचनांची आजही भरपूर नक्कल होते, पण ती रंगांची. आमच्या मते त्याचं खरं देणं म्हणजे जोडांची वर्गवारी: एक घन दुसऱ्यात शिरतो, त्याला कवटाळतो, चिमटीत धरतो किंवा त्यावर बसतो. तरंगणाऱ्या आकारांना इथे पकड मिळाली.

वर्गातल्या बहुतेक रचना बिघडतात त्या याच जागी. दोन आयत फक्त कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले, तर पुढे कोण, मागे कोण हे कळत नाही आणि नजर त्या बिंदूवर अडकते. एक तर स्पष्ट शिरकाव हवा, नाहीतर ठळक फट. दुसरी चूक कोनाची. अ‍ॅक्सोनोमेट्रिकसाठी चौरस प्लॅन ४५ अंशांत फिरवला की घनाची पुढची आणि मागची उभी कड एकाच रेषेवर येते, आणि पारदर्शक रचना सपाट दिसू लागते. ३०-६० अंशांत फिरवल्यास त्या कडा सुट्या होतात. शाईकामात कंस आधी, सरळ रेषा नंतर. उलट केलं तर सांधा जुळवणं अवघड जातं.

१९३०मध्ये मॉस्कोची वखुतेमास ही संस्था बंद झाली. पण हा वारसा पुढे चालला: वास्तुकार झाहा हदीदने १९७६-७७मध्ये लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुकला विद्यालयातल्या प्रबंधासाठी मालेविचच्याच एका घनरचनेवरून थेम्सवरच्या पुलावर हॉटेल कल्पिलं.