खुलासा : 9 च्या आकड्यामागचे बसभाडे

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी ॲनिमेटेड विनोदी मालिकेने 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याचे भाकीत आधीच केले होते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. सोबतच्या चित्रात ठळक 9 आणि शेजारी 11 सारखे दिसणारे, हल्ल्यात कोसळलेले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे आहेत, म्हणजे 9/11. चित्र खरे आहे, म्हणूनच ते पाहून कोणीही क्षणभर थबकेल.

ते 21 सप्टेंबर 1997 रोजी प्रसारित झालेल्या भागातील आहे. मालिकेतील कुटुंबप्रमुख होमरची गाडी न्यूयॉर्कमध्ये त्याच मनोऱ्यांच्या आवारात अडकून पडते आणि ती आणण्यासाठी सारे कुटुंब बसने निघते. चित्रातील कागद त्या प्रवासाची जाहिरात असून 9 हे डॉलरमधील स्वस्त भाडे आहे. आकड्याआधीचे डॉलरचे चिन्ह नीट पाहिले, तरी हे लक्षात येते. मनोरे तर 1970 च्या दशकापासून शहराची ओळखच होते आणि लांबून ते नेहमीच 11 सारखे दिसत.

पडताळणीसाठी सुटे चित्र न पाहता तो प्रसंग सलग पाहावा. त्यात हल्ल्याचा उल्लेख कुठेही नाही. शिवाय 1989 पासून सातशेहून अधिक भाग झालेल्या मालिकेत असे योगायोग सापडणारच. न जुळलेली हजारो दृश्ये मात्र कोणी पुढे पाठवत नाही.