बारा तारांची गिटार घेण्याआधी : रूफटॉप सिंगर्सची गोष्ट आणि थोडी माहिती

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणतं, "असा आवाज देणारी गिटार पाहिजे." गाणं दर वेळी निराळं, आवाज मात्र तोच : दोन-तीन जण एकदम वाजवताहेत असं वाटायला लावणारा, किणकिणता. ही बारा तारांची गिटार. अशा ग्राहकाला आम्ही १९६३ साली गाजलेलं 'वॉक राइट इन' ऐकवतो. गाणाऱ्यांचं नाव 'द रूफटॉप सिंगर्स'. ते सांगितल्यावर आजवर एकानेही "हो, माहीत आहे" म्हटलेलं नाही.

एरिक डार्लिंग हा न्यूयॉर्कच्या लोकगीतवाल्यांमधला मुरलेला माणूस. 'वीव्हर्स' या प्रसिद्ध चमूतून पीट सीगर बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या जागी तो गेला होता. १९६२ मध्ये ते सोडून त्याने बिल स्वानो आणि लिन टेलर यांना बरोबर घेऊन 'रूफटॉप सिंगर्स' उभे केले. लिन मूळची जॅझ गाणारी, बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेली. 'वॉक राइट इन' हे गाणं उचललं ते मेम्फिसच्या गस कॅननचं, त्याने १९२९ मध्ये रेकॉर्ड केलेलं. शब्द थोडे बदलले. पण डार्लिंगचा हट्ट असा, की एक नाही, दोन गिटारी हव्यात आणि दोन्ही बारा तारांच्या. तेव्हा ही गिटार दुकानात टांगलेली मिळत नसे. गिब्सन कंपनीकडे मागणी नोंदवून वाट बघत बसावं लागलं.

जानेवारी १९६३ च्या अखेरीस गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. ऐंशीला टेकलेल्या कॅननने त्याआधी थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायला बँजो गहाण टाकला होता म्हणतात. या गाण्यामुळे त्याला स्वतःचा एलपी करायला मिळाला. आम्हाला या सगळ्या प्रकरणात हेच जास्त आवडतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. त्यांचं 'टॉम कॅट' हे गाणं विसाव्या क्रमांकापर्यंत पोचलं, लिन सोडून गेली, १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले आणि १९६७ मध्ये चमू मोडला. गंमत म्हणजे त्याच १९६४ मध्ये बीटल्सच्याच जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांचीच गिटार आली, फक्त विजेवरची.

आता आपल्या कामाचं. या गिटारीत तारा जोडीने असतात. गिटार हातात धरल्यावर वरच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्या वरच्या सप्तकातली एक बारीक, खालच्या दोन जोड्या एकाच सुरात. तंबोऱ्याची जोड आठवा : दोन्ही तारा एका सुरात लावल्या तरी अगदी तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या बारीकशा फरकातूनच आवाज भरतो. इथे तशा सहा जोड्या आहेत. म्हणूनच आधी सांगून ठेवतो : त्या रेकॉर्डवर एकदम चोवीस तारा वाजताहेत. घरी एकट्याने वाजवल्यावर तेवढा भरणा येणार नाही, आणि त्यात गिटारीचा दोष नाही.

तारांचा ताण साध्या गिटारीच्या साधारण दीडपट. त्यामुळे सहा तारांच्या गिटारीला जादा खुंट्या बसवून द्या, असं कुणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली एक गिटार आमच्याकडे आली होती. घोडी मागच्या बाजूने इतकी उचलली होती, की खालून पोस्टकार्ड सरकत होतं. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. आठवडाभर वाजवणार नसाल तर सगळ्या तारा एक सूर उतरवून ठेवा. खूप जण तशाच उतरवून वाजवतात आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावतात. बोटांनाही बरं पडतं.

तुटणारी तार ठरलेली : खालून तिसऱ्या जोडीतली बारीक. ती सर्वांत उंच सुरात असते, पहिल्या तारेपेक्षाही वर. लावताना चेहरा बाजूला ठेवा आणि खुंटी हळू फिरवा. ही तार आमच्याकडे सुटी मिळते. गिटार नेताना दोन बरोबर घेऊन जा.