रस्त्यावरचं पाणी नेमकं असतं कुठे?

मे महिन्यात दुपारी नागपूर-अमरावती हायवेवर गाडी चालवली असेल तर हे बघितलेलंच असणार, पुढे रस्त्यावर मस्त पाणी साचलंय, त्यात समोरच्या ट्रकचं उलटं प्रतिबिंब पण पडलंय, आणि आपण जवळ गेलो की पाणी तेवढंच पुढे सरकतं. मृगजळ. बरेच जण म्हणतात हा डोळ्यांचा भास आहे. भास कसला, मोबाईलने फोटो काढा, फोटोत पण येतं!

खरं तर ते आकाश असतं. डांबर तापून ६० डिग्रीच्या आसपास गेलं की त्याला चिकटलेली हवा पण प्रचंड तापते आणि विरळ होते, वरची त्यामानाने थंड आणि दाट. दाट हवेत प्रकाश किंचित हळू जातो, विरळ हवेत किंचित जोरात. शाळेत लेझीमची रांग वळवताना कडेचा पोरगा झपाझप चालायचा, आतला जवळपास जागेवरच, आणि अख्खी रांग वळायची, तसंच इथे. आकाशातून तिरपा खाली येणारा प्रकाश, त्याची खालची बाजू गरम हवेत जोरात पळते, मग तो हळूहळू वर वळतो आणि रस्त्याला न टेकताच आपल्या डोळ्यात येतो. मेंदूला वाटतं सरळच आलाय, म्हणून आकाशाचा तुकडा रस्त्यावर दिसतो. पुस्तकात याला पूर्ण आंतरिक परावर्तन, म्हणजे दोन थरांच्या सीमेवरून प्रकाश आरशासारखा परत फिरणं, म्हणून टाकतात आणि थर थर आखलेली आकृती देतात, पण हवेत असे कापलेले थर नसतात, प्रकाश सलग वाकत जातो.

आणि वाकतो तरी किती? जेमतेम एक अंश, बऱ्याचदा त्याहून कमी. म्हणूनच पायाशी कधीच पाणी दिसत नाही, तिथे नजर फार उभी पडते. कारमध्ये डोळे सव्वा मीटरवर असतील तर पाणी दीड-दोनशे मीटरपासून पुढे सुरू होतं, एसटीच्या ड्रायव्हरला अजून लांबून. एखाद्या रिकाम्या सरळ रस्त्याच्या कडेला आधी उभं राहून, मग उकिडवं बसून बघा, पाणी चक्क जवळ येतं, उठलात की परत लांब. मी केलंय, लोक बघतात, बघू द्या.

नेपोलियनच्या सैन्याबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने याची कारणमीमांसा लिहिली, तिकडे तहानलेले सैनिक वाळवंटातल्या या तळ्यांनी पार वैतागले होते.

थंड समुद्रावर याच्या उलट, खालची हवा दाट, म्हणून प्रकाश खाली वाकतो आणि क्षितिजापलीकडची जहाजं वर तरंगताना दिसतात. आपल्याकडे गणपतीपुळ्याला सूर्य समुद्राला टेकलेला दिसतो ना, तेव्हा तो खरा नुकताच बुडालेला असतो, हवेने वाकवून वर धरलेला असतो फक्त.