संमतीपत्रावरचे धोके आले कुठून? मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये मणक्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "पाय तर जाणार नाहीत ना?" मुंबई नाका असो की गंगापूर रोड, स्पाइन सर्जनच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांत हीच धास्ती असते. दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदाराला घरचे सांगतात, पट्टा लाव, शेक घे, पण पाठीचं ऑपरेशन करू नको. भीती समजण्यासारखी आहे. पण कंबरेच्या नेहमीच्या फ्युजनमध्ये, म्हणजे मणके एकमेकांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, पाय कायमचे लुळे पडणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. जे त्याहून कितीतरी जास्त वेळा घडतं, म्हणजे हाड न जुळणं, जंतुसंसर्ग, दुखणं तसंच राहणं, त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि धोक्यांची यादी असलेल्या संमतीपत्रावर सही होऊन जाते. या यादीतला एकेक धोका शस्त्रक्रियेच्या इतिहासात कधी ना कधी कुणीतरी सोसलेला आहे.

मणके जोडून टाकायची कल्पना मुळात पाठदुखीसाठी निघालीच नव्हती. ती निघाली क्षयामुळे. हाडाच्या क्षयात मणका पोखरला जातो, ढासळतो, पाठीला कुबड येतं आणि कधी मज्जारज्जूवर दाब येऊन पाय जातात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस खाणं एवढाच इलाज. लोक हवापालटाला देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये येऊन राहायचे, तो हा काळ. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी वेगवेगळ्या पद्धती मांडल्या. हिब्जने मणक्यांच्या मागच्या हाडाचे तुकडे उचलून शेजारच्या मणक्यावर टेकवले, अल्बीने रुग्णाच्या नडगीचं हाड काढून ते मणक्यांच्या काट्यांमध्ये बसवलं. हेतू एकच, पोखरलेल्या मणक्याची हालचाल बंद करणं.

तेव्हा स्क्रू नव्हते. रुग्ण महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहायचा आणि तरीही अनेकांचं हाड जुळायचं नाही. जोड कच्चा राहून तिथे थोडी थोडी हालचाल चालूच राहते, याला स्यूडार्थ्रोसिस म्हणतात. यादीतला हा सर्वांत जुना धोका, आणि आजही तो गेलेला नाही. जिथून हाड काढलं ती जागा दुखत राहणं हाही त्याच वेळचा. आता नडगीऐवजी बहुधा कंबरेच्या खुब्यावरचं हाड घेतात, पण काहींना पाठीपेक्षा तीच जागा जास्त त्रास देते.

क्षयाचं पुढे काय झालं हे आपल्याकडे तरी सांगायलाच हवं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, मग इतर औषधं आली. बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की मणक्याच्या क्षयाचे बहुतेक रुग्ण औषधांवर बरे होतात आणि चाकू थोड्यांनाच लागतो. ज्या आजारासाठी ही शस्त्रक्रिया जन्मली, त्यातच तिची गरज कमी झाली. भारतीय वैद्यकाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

दरम्यान शस्त्रक्रिया दुसरीकडे वळली होती. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी दोन मणक्यांमधली सरकलेली गादी नस दाबते हे मांडलं आणि कंबरदुखीकडे पाहण्याची नजर बदलली. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे वाकड्या झालेल्या कण्यांसाठी स्टीलचे रॉड आणले, १९६२ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. रॉडने कणा सरळ झाला, पण कंबरेचा नैसर्गिक बाकही सपाट झाला. काही वर्षांनी अशा रुग्णांना ताठ उभं राहणं जड जाऊ लागलं. आज सर्जन एक्स-रेवर बाकाचे कोन मोजतात, ते या रुग्णांनी भोगलं म्हणून.

पॅरिसमध्ये सर्जन रॉय-कामील यांनी १९६३ पासून पेडिकलमध्ये स्क्रू बसवायला सुरुवात केली. पेडिकल म्हणजे मणक्याचा पुढचा ठोकळा आणि मागची कमान यांना जोडणारा हाडाचा आखूड खांब. त्याच्या आतल्या अंगाला नसांची पिशवी आणि खालून नस जाते, त्यामुळे स्क्रू काही मिलिमीटर चुकला तरी पायात कळ, मुंग्या, क्वचित पाऊल लटकं पडणं. पकड मात्र आधीच्या कशापेक्षाही घट्ट, म्हणून तो जगभर गेला. १९९०च्या दशकात अमेरिकेत हजारो रुग्णांनी या स्क्रूंवरून दावे लावले. १९९८ मध्ये तिथल्या एफडीए या औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने काही ठरावीक आजारांसाठी त्यांचं वर्गीकरण बदलून वाट मोकळी केली. हाड लवकर जुळावं म्हणून आलेल्या बीएमपी या प्रथिनाचंही असंच झालं. २००२ मध्ये कंबरेसाठी मान्यता मिळाली, ते मानेतही वापरलं जाऊ लागलं आणि घसा सुजून श्वास अडकल्याच्या तक्रारींनंतर २००८ मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला.

जोड उत्तम जुळला तरी एक प्रश्न उरतो. जिथली हालचाल थांबली तिथला ताण वरच्या-खालच्या मणक्यावर जातो. मानेच्या फ्युजनचा १९९९ चा अमेरिकी अभ्यास सांगतो की दर वर्षी सुमारे ३ टक्के रुग्णांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास सुरू झाला. त्यातला किती जोडामुळे आणि किती वयामुळे, यावर अजून वाद आहे.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र जोडावं की नाही हाच. मणका मोडला, क्षयाने ढासळला किंवा स्पष्टपणे अस्थिर झाला, तर उत्तर बहुधा सोपं असतं. म्हातारपणी नसांची वाट अरुंद होते तेव्हा तसं नाही. २०१६ मध्ये २४७ रुग्णांच्या स्वीडिश चाचणीत नुसती नस मोकळी करणं आणि सोबत फ्युजनही करणं यांत दोन वर्षांनी फरक दिसला नाही. त्याच वेळच्या ६६ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, जिथे सगळ्यांचाच मणका सरकलेला होता, फ्युजनला थोडा फायदा दिसला. २०२१ च्या नॉर्वेतल्या चाचणीने सरकलेल्या मणक्यातही नुसती नस मोकळी करणं कमी पडत नाही असं दाखवलं. म्हणून सर्जनला पहिला प्रश्न हा विचारावा: "स्क्रू न टाकता माझं काम होईल का?" नुसती कंबर दुखते, पायात कळ नाही, एमआरआयवर झीज आहे, एवढ्यावर फ्युजनची तारीख मिळाली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावंच. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद झपाट्याने जायला लागली, तर मात्र मतं गोळा करत बसू नये. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं.

आपल्याकडच्या दोन-तीन सवयी इथे थेट आड येतात. निकोटीन हाड जुळू देत नाही. सिगारेटबद्दल डॉक्टर विचारतात, पण मळलेला तंबाखू आणि मशेरी घरातली बाई स्वतःहून सांगत नाही. ते सांगावं, आणि ऑपरेशनच्या आधीपासून बंद करावं. साखर आटोक्यात नसेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. एरवीही तो शंभरात साधारण एक ते चार जणांना असतोच. आणि ऑक्टोबरची द्राक्षबागेची गोडी छाटणी. टाके निघाले, दुखणं कमी झालं की बागायतदार फवारणीला ट्रॅक्टरवर बसतो. बाहेरून सगळं भरलेलं दिसतं, पण आत हाड पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष जातं. तोवर सगळा भार स्क्रूंवर असतो आणि सतत दणके बसले तर ते सैल होतात, क्वचित तुटतात.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर लावलेला कागद मिळतो, त्यावर कंपनी आणि माप असतं. तो एक्स-रेच्या पाकिटात जपून ठेवावा. दहा वर्षांनी स्क्रू काढायची किंवा जोड वाढवायची वेळ आली, तर नव्या सर्जनला कोणत्या कंपनीचा पेचकस मागवायचा ते त्यावरूनच कळतं.