ग्रह आणि चंद्र स्वतःच्या प्रकाशाने चमकतात का?

शुक्र, गुरू आणि चंद्र इतके तेजस्वी दिसतात, म्हणजे त्यांना स्वतःचा प्रकाश असलाच पाहिजे, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. डोळ्यांना जे दिसते त्यावरून तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र आपल्यापर्यंत पोहोचतो तो सूर्याचाच परावर्तित प्रकाश.

ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होऊन ऊर्जा निर्माण होते, आणि त्यासाठी लागणारे प्रचंड वस्तुमान कोणत्याही ग्रहापाशी नसते. गुरू सूर्याकडून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा बाहेर टाकतो हे खरे, परंतु ती अवरक्त किरणांच्या रूपात असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

चंद्राचा पृष्ठभाग तर चांगलाच काळपट आहे: पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के तो परत पाठवतो, आणि केवळ जवळ असल्यामुळे एवढा उजळ दिसतो. शुक्राचे दाट ढग सुमारे ७५ टक्के प्रकाश परतवतात.

याची पडताळणी कोणालाही करता येते. चंद्रकोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडेच असते. लहान दुर्बिणीतून शुक्रालाही चंद्रासारख्या कला दिसतात. स्वयंप्रकाशी गोल असा अर्धवट उजळलेला दिसला नसता. सर्वांत निर्णायक पुरावा मला ग्रहणांचा वाटतो. खग्रास चंद्रग्रहणात पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या सावलीत जाऊन मंद तांबूस होतो, आणि तो तांबूस प्रकाशही पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाशच असतो. गुरूचे मोठे चंद्रही त्याच्या सावलीत शिरताच दुर्बिणीतून दिसेनासे होतात.