शेक (मान-खांद्यांचा)

आखडलेल्या, ठणकणाऱ्या मान-खांद्यांच्या स्नायूंना बाहेरून उष्णता देऊन ते सैल करण्याचा घरगुती उपचार. मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल, तव्यावर गरम केलेला पाला ही त्याची साधने. शेकाने दुखणे थोडा वेळ उतरते. त्या वेळात खांदे हलवले तरच उपचार पुरा होतो. घरोघरी पहिला भाग मनापासून केला जातो आणि दुसरा राहून जातो, म्हणून या नोंदीत दोन्ही एकत्र घेतले आहेत.

‘खांदा धरला’ म्हणून आपण जिथे हात ठेवतो, तिथे बहुतेक वेळा खांद्याचा सांधा नसतो. मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा मांसल भाग दुखत असतो. तो ट्रॅपेझियस या मोठ्या स्नायूचा वरचा भाग होय. हा स्नायू कवटीच्या मागच्या कडेपासून सुरू होऊन बरगड्या जोडलेल्या मणक्यांपैकी शेवटच्या, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरतो. त्याच्या आतल्या बाजूला खांद्याचे पाते वर उचलणारा लिव्हेटर स्कॅप्युली असतो. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो भरते. ते पुढे झुकवून तासन्‌तास संगणकापुढे, शिवणयंत्रावर किंवा मोबाइलवर बसले, की हे स्नायू थोड्या ताणात पण सतत आवळलेले राहतात. जड काम करणाऱ्या स्नायूला मधे विश्रांती मिळते. यांना ती मिळत नाही. मनावर ताण असला तरी खांदे नकळत कानांकडे चढतात. बोटाने चाचपले तर दुखऱ्या गाठी लागतात. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सिमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी अशा जागांचा तपशीलवार नकाशाच मांडला, मात्र गाठ म्हणजे नेमके काय, यावर वैद्यकात अजून एकमत नाही.

गणपतीच्या आधी ढोलपथकात नव्याने उतरलेल्या मुलांचे खांदे भरून येतात, ते दुखणे वेगळे. सवय नसलेल्या श्रमाने तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवते. त्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडले जाते ते चुकीचे आहे, कारण ते आम्ल श्रमानंतर तास-दीड तासातच निघून गेलेले असते. हे दुखणे चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते.

शेकाची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाचा, म्हणजे शेकाचा आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने करायचे तेरा प्रकार सांगितले असून पुरचुंडीचा शेक हा त्यांतल्या संकरस्वेदात मोडतो. तेल आणि ऊब दिली तर वाळलेले लाकूडही वाकवता येते, मग जिवंत माणसाचे काय, असा दाखला चरकाने तिथे दिला आहे. आधी तेल, मग शेक हा आपल्याकडचा क्रम तिथूनच आलेला. तीळतेल असो की निर्गुंडीचे, कोमट करून हलक्या हाताने जिरवले तर निम्मे काम चोळण्यानेच होते.

पुरचुंडीसाठी वाटीभर जाडे मीठ लोखंडी कढईत मंद आचेवर परततात. ते तडतडू लागले की चमचाभर ओवा टाकून, वास सुटताच उतरवतात. कापड जुने, सुती आणि दुहेरी घ्यावे, पॉलिस्टरचे वितळते. गाठ घट्ट मारून पुरचुंडी आधी शेकणाऱ्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. चटका बसत नसेल, तरच ती मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकाकडे टेकवत न्यावी, एका जागी ठेवून देऊ नये. दोन पुरचुंड्या आलटूनपालटून वापरल्या की शेक खंडत नाही. मीठ दुखणे ‘ओढून घेते’ असे म्हणतात, पण त्याचे काम ऊब धरून ठेवण्यापुरतेच. वाळूही ते तितकेच चांगले करते. कोकणात आणि देशावर निगडीचा किंवा एरंडाचा पाला गरम करून बांधतात. रुईचे पानही वापरतात, पण त्याच्या चिकाने कातडीची आग होते आणि तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा करतो. हाताशी इतके पर्याय असताना रुई टाळलेलीच बरी. पाण्याची पिशवी वापरायची तर पाणी उकळते नको, पिशवी दोन तृतीयांशच भरावी, हवा दाबून काढावी आणि वर टॉवेल गुंडाळावा. पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि ऊब सांगणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश वेदनेच्या संदेशांना मागे सारतात. वेदनेची वाट कण्यातच अडवता येते, हा विचार रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. शेकाची ऊब शरीरात एक-दोन सेंटिमीटरच खोल जाते. ट्रॅपेझियस वरवरचा असल्याने त्याला ती पोचते. खांद्याच्या सांध्यातल्या दुखण्याला मात्र तिचा फारसा उपयोग नाही.

शेक उतरला, की लगेच हालचाल. दोन्ही खांदे कानांपर्यंत उचलून पाच सेकंद घट्ट धरावेत आणि एकदम सोडावेत. आवळून सोडण्याची ही रीत शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात पद्धतशीर रूपात मांडली. मग खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणावीत. कान खांद्याकडे झुकवून अर्धा मिनिट थांबावे, हाताने डोके ओढू नये. दाराच्या चौकटीला दोन्ही कोपर टेकवून एक पाऊल पुढे टाकले की छाती उघडते. पाते आणि कणा यांच्यामधली गाठ हाताला लागत नाही. तिथे भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून हळूहळू सरकावे.

टिकाऊ गुण मात्र ताकद वाढवण्यानेच येतो. डेन्मार्कमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या १९८ जणांवर केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रबरी पट्टा धरून दोन्ही हात बाजूने उचलण्याचा व्यायाम दहा आठवडे दिला गेला. रोजची दोन मिनिटेही मान-खांद्यांचे दुखणे कमी करायला पुरली. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत आशादायक गोष्ट वाटते, कारण इतका वेळ काढणे कुणालाही जमण्याजोगे आहे.

भाजणे हा शेकाचा खरा धोका. मधुमेहात आणि म्हातारपणी कातडीची जाणीव मंदावते, त्यामुळे अशा माणसांना चटका कळतच नाही. सोसवणारी ४४ अंश सेल्सिअसची उष्णताही एकाच जागी सहा तास राहिली तर कातडी भाजते, म्हणून हीटिंग पॅड लावून झोपू नये. रोज शेकल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटू लागले तर शेक थांबवावा. बाम चोळून त्यावर शेक घेऊ नये. बामात असणाऱ्या गंधपुरा तेलातले मिथाइल सॅलिसिलेट उष्णतेने अधिक शोषले जाते आणि कातडी पोळते. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर असा बाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. ताज्या मुक्या मारावर, सूज असताना, पहिले दोन दिवस शेक न देता बर्फ कापडात गुंडाळून लावावा.

हात मागे नेऊन पाठीला लावता येत नसेल, चोळीचा बंद किंवा पाठीमागच्या खिशातली वस्तू गाठता येत नसेल, तर तो गोठलेला खांदा असू शकतो. चाळिशी-साठीतल्या मधुमेहींत तो बराच आढळतो आणि त्याचे उपचार निराळे आहेत. हाताला मुंग्या येणे, बोटांची पकड सुटणे, ताप, कारण नसताना वजन उतरणे, पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळी तासभर ताठ राहणे ही लक्षणे दिसली तर तपासणी हवी. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर तेल-पुरचुंडीत एक मिनिटही घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.