नाणं कुणासाठी पाडलं होतं? जगभरची नाणी आणि टोकन ओळखण्यामागचा इतिहास

हातात एखादं अनोळखी नाणं आलं की पहिली तक्रार हीच असते की यावर देशाचं नावच नाहीये. आणि तक्रार बरोबरच आहे, पण नाण्याच्या बाजूनं विचार केला तर कळतं की त्याला नाव सांगायची गरजच नव्हती, कारण ते ज्याच्या हातात जाणार होतं त्याला सगळं आधीच माहीत होतं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात लिडियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात) सोन्या-चांदीच्या मिश्रणाची जी अगदी सुरुवातीची नाणी पाडली त्यांच्यातल्या बऱ्याच नाण्यांवर नुसतं सिंहाचं तोंड आहे, ना राजाचं नाव ना गावाचं, आणि तिथल्या व्यापाऱ्याला तेवढं पुरत होतं. अडचण झाली ती आपल्याला, अडीच-पावणेतीन हजार वर्षांनी. नाणी ओळखायचा सगळा इतिहास हा असाच आहे, एका ओळखीच्या वर्तुळासाठी बनवलेली वस्तू वर्तुळाबाहेरच्या माणसांनी वाचायला शिकण्याचा.

हे फक्त पुराण्या नाण्यांचं नाही. ब्रिटनची शंभर वर्षांपूर्वीची पेनी घ्या, तिच्यावर राजाचं नाव आणि लॅटिन किताबांची आखूड केलेली माळ असते, नवख्याला त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. पण त्याच माळेत 'इंड इंप' अशी दोन तुटकी अक्षरं आहेत का ते बघायचं, म्हणजे 'भारताचा सम्राट', आणि १९४८ सालानंतरच्या नाण्यांवरून ती गेलेली दिसतात. तारीख झिजली असली तरी एवढ्यावरून नाणं अलीकडचं की पलीकडचं हे कळतं! स्वित्झर्लंडच्या नाण्यांवर 'हेल्वेटिया' असतं कारण तिथं चार भाषा, मग एकीचं नाव घेऊन बाकीच्यांना डावलण्यापेक्षा लॅटिन नाव बरं. फिनलंड स्वतःला 'सुओमी' म्हणतं, क्रोएशिया 'ह्रवात्स्का', हंगेरीच्या नाण्यावर 'मॅग्यार' दिसतं. जगानं ठेवलेलं नाव वेगळं आणि घरचं नाव वेगळं, आणि नाण्यावर बहुतेक वेळा घरचंच नाव असतं.

पद्धतशीर अभ्यास कुठं सुरू झाला असं विचारलं तर बहुतेक जण युरोपातल्या रेनेसान्सचं नाव घेतात, पण चीनमध्ये हाँग झुन या विद्वानाने ११४९ मध्येच नाण्यांवर अख्खा ग्रंथ लिहून ठेवला होता, हे सांगितलंच पाहिजे. युरोपात पेट्रार्क हा कवी रोमन नाणी जमवायचा आणि १३५४ च्या सुमारास त्याने सम्राट चौथ्या चार्ल्सला त्यातली काही भेट दिली. पुढं १५१५ च्या आसपास गियोम ब्युदे या फ्रेंच विद्वानाने रोमन पैशाच्या वजनामापांवर मोठा ग्रंथ काढला. नाण्यांची हौस वाढली तशी नकलाही वाढल्या, इटलीतल्या पादुआच्या जोव्हानी काव्हिनोने सोळाव्या शतकात रोमन नाण्यांसारखे इतके सुंदर तुकडे बनवले की आजही त्यांना 'पादुअन' म्हणून वेगळं ओळखावं लागतं.

खरा पाया घातला तो व्हिएन्नाच्या योसेफ एकेलने. तोवर संग्रह मांडायचे ते धातूप्रमाणे, आकाराप्रमाणे किंवा मालकाच्या आवडीप्रमाणे, म्हणजे एकाच शहराची सोन्याची नाणी एका खणात आणि तांब्याची भलतीकडेच. एकेलने १७९२ ते १७९८ मध्ये आठ खंड छापले आणि भूगोल धरला, स्पेनपासून निघून भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं फिरत शेवटी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत, आणि रोमन नाणी काळाप्रमाणे. आता हे किरकोळ वाटतं पण माझ्या मते ओळखण्याच्या कामातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच आहे, कारण अनोळखी नाणं शेजाऱ्यांच्या रांगेत ठेवलं की ते बोलायला लागतं.

काही नाणी मात्र स्वतःहून सगळं सांगतात. खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी ७७ मध्ये (इ. स. ६९६-९७) सोन्याच्या नाण्यावरची चित्रं काढून नुसता मजकूर ठेवला, दोन वर्षांनी चांदीच्या दिरहमचंही तेच, आणि त्या दिरहमवर चक्क लिहिलेलं असतं की हा अमुक ठिकाणी अमुक साली पाडला. साल आकड्यात नाही, शब्दात. म्हणजे अरबी वाचता येणाऱ्याला तेराशे वर्षांपूर्वीचं नाणं मिनिटभरात ओळखता येतं. युरोपात ख्रिस्ती सन घातलेलं सगळ्यात जुनं म्हणून जे नाणं दाखवतात ते डेन्मार्कच्या रोस्किल्डचं, १२३४ सालचं!

आणि मग ती गोष्ट जी मला सगळ्यात जास्त आवडते. १८३३ नंतर चार्ल्स मॅसन या इंग्रज शोधकाने अफगाणिस्तानात बेग्राममधून हजारो नाणी गोळा केली, त्यात इंडो-ग्रीक (म्हणजे त्या भागात राज्य केलेल्या ग्रीक वंशाच्या) राजांची नाणी होती, एका बाजूला ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूला उजवीकडून डावीकडे जाणारी, तेव्हा कुणालाच वाचता न येणारी लिपी, जिला आपण आता खरोष्ठी म्हणतो. ग्रीक बाजूला 'बॅसिलिओस सोतेरोस मेनान्द्रू' म्हणजे तारणहार राजा मिनँडरचं, तर मागे तेच असणार, हा अंदाज धरून एकेक अक्षर सुटत गेलं आणि निघालं 'महाराजस त्रातारस मेनंद्रस'. हे काम करणाऱ्यांत मुख्य होता जेम्स प्रिन्सेप, आणि तो कोण होता तर कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूची शुद्धता तपासणारा अधिकारी. ब्राह्मीचंही असंच, ख्रिश्चन लासेन या अभ्यासकाने १८३६ मध्ये अगाथोक्लीस राजाच्या ग्रीक-ब्राह्मी नाण्यावरून काही अक्षरं ओळखली आणि १८३७ मध्ये प्रिन्सेपने बाकीची लिपी सोडवली. म्हणजे नाणं ओळखायला लिपी लागते म्हणतात, इथं नाण्यानेच लिपी शिकवली आणि त्यातून अशोकाचे शिलालेख वाचता आले.

तारीख दिसली म्हणजे काम झालं असं वाटतं आणि तिथंच बरेच जण फसतात. आधी सन कुठला ते बघायचं: थायलंडच्या बौद्ध सनातून ५४३ वजा, नेपाळच्या विक्रम संवतातून साधारण ५७ वजा, जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष म्हणजे शोवा ५० असेल तर १९७५. ऑटोमन (म्हणजे तुर्की साम्राज्याच्या) नाण्यांवर तर ठळक आकडा असतो तो सुलतान गादीवर बसल्याचा आणि तो बदलतच नाही, शिवाय बारीक आकड्यात कारकिर्दीचं वर्ष. १२९३ च्या जोडीला २५ असेल तर एक वजा करून बेरीज करायची, हिजरी १३१७ येतं, म्हणजे १८९९-१९००, आणि नुसता मोठा आकडा वाचला तर १८७६ धरून बसाल.

काही नाण्यांवरची तारीख तर मुद्दाम थांबवलेली असते. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा १७८० मध्ये गेली, पण तिचा थालर (म्हणजे चांदीचं मोठं नाणं) पुढं दीडशे-दोनशे वर्षं त्याच सालाचा पाडला गेला, कारण इथिओपिया, येमेन, तांबड्या समुद्राच्या आसपासच्या लोकांचा त्या बाईच्या चेहऱ्यावर विश्वास बसला होता, तारीख बदलली की नाणं नको. व्हिएन्नाबरोबरच रोम, लंडन, बर्मिंगहॅम आणि १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टाकसाळीतही तो पाडला. मग कुठला कुठला हे कसं सांगणार, तर तिच्या ब्रोचमधले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसं बघून! बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीनेही हेच केलं, मुघल बादशहा शाह आलमच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष आणि मुर्शिदाबादचं नाव रुपयावर तसंच ठेवलं, पाडलेला भलेही दुसऱ्या टाकसाळीत असो.

टाकसाळीच्या अक्षरांबद्दल (नाणं कुठं पाडलं ते सांगणारी छोटी अक्षरं) थोडक्यात: नुसत्या 'ए' वरून काही ठरवू नका, पॅरिसने वापरलाय, बर्लिनने वापरलाय, व्हिएन्नानेही.

विसाव्या शतकात नाणी जगभर फिरायला लागली आणि कॅटलॉग लागला. १९५७ मध्ये योमनने आधुनिक जागतिक नाण्यांचा काढला, मग १९७२ मध्ये क्राउझ आणि मिशलर यांचा तो जाडजूड कॅटलॉग आला आणि 'केएम नंबर' ही जगभरच्या कलेक्टर लोकांची बोलीच होऊन बसली, भाषा येवो न येवो, नंबर सांगितला की समोरच्याला नाणं कळतं.

टोकनचं, म्हणजे सरकारी नाण्याऐवजी एखाद्या छोट्या वर्तुळात चालणाऱ्या तुकड्याचं, मात्र असं झालं नाही, आणि होणं कठीणच होतं. नाण्यामागे निदान सरकार असतं, हुकूम असतात, टाकसाळीचे हिशेब असतात, टोकनमागे एखादा दुकानदार, एखादी खाण, एखादा मळा. वर्तुळ जितकं छोटं तितका मजकूर कमी. जर्मनीत न्यूरेंबर्गला पितळी जेटॉन (म्हणजे मोजायच्या चकत्या) बनायचे, पाटावर रेघा मारून हिशेब करायला, आणि ते युरोपभर पसरले, शेतात सापडला की पिवळा रंग बघून माणसाला वाटतं सोनं मिळालं. हान्स क्राउविंकेलच्या जेटॉनवर 'आज लाल, उद्या मेलेला' अशा अर्थाचं जर्मन वाक्य असतं, पण कितीतरी जुन्या जेटॉनवरची अक्षरं निव्वळ सजावट आहेत, अर्थच नाही, आणि लोक त्यात रात्रीच्या रात्री घालवतात.

इंग्लंडमध्ये सरकार पुरेसे तांब्याचे पैसे पाडत नव्हतं, मजुरांना पगार द्यायला सुट्टे नव्हते, म्हणून १७८७ मध्ये अँगलसी बेटावरच्या पॅरिस (Parys, फ्रान्सचं पॅरिस नव्हे) खाणकंपनीने स्वतःची पेनी काढली, एका बाजूला दाढीवाला ड्रुइड (म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित) आणि दुसरीकडे धारकाला एक पेनी द्यायचं वचन. हे पैसे कुठं मिळतील ते कुठं लिहिलंय माहितीये? कडेवर! लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी. म्हणून टोकन हातात आलं की दोन्ही बाजूंइतकीच कड बघा, हे मी प्रत्येकाला सांगते. पुढच्या दहा वर्षांत अशा टोकनांचा नुसता पूर आला, १७९८ मध्ये जेम्स काँडरने त्यांची यादी केली आणि आजही त्यांना काँडर टोकनच म्हणतात. अमेरिकेत यादवी युद्धात लोकांनी सुट्टे पैसे घरात दाबून ठेवले तेव्हा दुकानदारांनी सेंटच्या आकाराची टोकन काढली, त्यातल्या काहींवर मोठ्या अक्षरात 'एक सेंट' आणि वर बारीक अक्षरात 'नाही' असतं, नक्कल केल्याचा आरोप नको म्हणून. १८६४ मध्ये कायद्याने ती बंद झाली.

काही टोकन हातात धरताना गप्प व्हायला होतं. कोलंबियात १९०१ मध्ये आणि फिलिपिन्सच्या कुलियन बेटावर १९१३ पासून कुष्ठरोग्यांच्या वसाहतींसाठी वेगळा पैसा पाडला, स्पर्शाने रोग बाहेर जाईल या भीतीने. कोलंबियाच्या नाण्यांवर 'लाझारेतो' एवढा एक शब्द असतो, आणि तो शब्द माहीत नसेल तर ते एखादं साधं नाणं वाटून डब्यात पडून राहतं.

आणि मग राहतात ती, ज्यांना अमेरिकन कलेक्टर 'मॅव्हरिक' म्हणतात, म्हणजे कळपाचा डाग नसलेलं मोकाट वासरू. एका बाजूला मालकाचं आडनाव किंवा नुसती आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला 'पाच सेंटच्या मालासाठी चालेल', गाव नाही, साल नाही. रोजच्या गिऱ्हाइकाला गाव कशाला सांगायचं, तो तिथंच राहत होता. अशी टोकन ओळखायला लोक जुन्या शहरांच्या व्यवसाय-यादीची पानं उलटतात, त्या आडनावाचा बेकरीवाला किंवा सलूनवाला कुठं होता ते शोधतात, दोन गावांत दोन सापडले की परत अडतात, आणि वर्षानुवर्षांनी कधीतरी त्याच छापाचं दुसरं टोकन मिळतं ज्यावर कुणीतरी गावाचं नाव घातलेलं असतं.